हुर्गनची दाढी

ये, उंच माणसा, डोकं सांभाळ.
हे छत आमच्या मापाचं आहे,
आणि तुझ्यासारखे पोवाडे गोळा करणारे
दर हिवाळ्यात कपाळावर टेंगूळ घेऊन परततात.

तुला काय हवंय ते मला पाठ आहे.
ऐरणफोडे, जे चिडले की स्वतःचीच ढाल चावतात.
राखदाढे, ज्यांना पणज्याने दिलेलं उसनं मीठ अजून आठवतं.
खोलविहिरे मेलेल्यांना उभे पुरतात,
हाक आली तर उठायला वेळ नको म्हणून.
आणि आम्ही मुकेघण.
तुमच्याकडे आया पोरांना सांगतात,
झोप, नाहीतर मुकाघण येईल.
पोरं झोपतात म्हणे.
आमची झोपत नाहीत.
त्यांना आम्ही कुणाचं भय घालावं?

खरं सांगू? ते मीठ राखदाढ्यांनी
कधीच सोडून दिलंय.
फक्त कुणाला कळू देत नाहीत.
नाव एकदा पडलं की जगवावं लागतं,
भट्टीसारखं,
रात्रीतून दोनदा उठून.

घे लिहून. हुर्गन, इस्कादचा मुलगा,
सुल्वेन घाटाच्या दारावर एकटा,
समोर बर्फातून चढलेले नऊशे भालेकरी,
आणि तो मागे हटला नाही.
शिळेवर एवढंच कोरलंय: मागे हटला नाही.
अक्षरं बोटाच्या पेराएवढी खोल.

मी साखळीवर होते त्या दिवशी.
वय एकोणीस, हातमोजे नवे, वंगणाचा डबा जुना.
बाहेरच्या जखमींना तो एकेक करून आत ढकलत होता,
लढताना आड येऊ नये म्हणून
वेणी घातलेली दाढी खांद्यावरून पाठीवर टाकलेली,
आमच्यात टाकतात तशी.
सरदार ओरडले, ओढ.
मी ओढली.
दगडाची दोन्ही दारं मिटली
आणि वेणीचं टोक आत राहिलं.

वीतभर केस. तांब्याच्या तीन कड्या.
तिसरी जरा वाकडी, मी घडवलेली.

दार उलटं उघडायला अर्धा प्रहर लागतो,
आणि भाले हाकेवर होते.
त्याच्या कमरेला सुरी होती.
एक घाव, आणि डावीकडची शेळवाट
त्याला लहानपणापासून ठाऊक.
पण दाढी कापलेल्याचं नाव
कुळाच्या शिळेवरून खरवडतात,
हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आणि आत, खुंटीवर, मेंढ्यांची कात्री होती.
मी ती काढलीसुद्धा.
चारी कुळांची माणसं उभी होती तिथे,
कुणी हो म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही.
मी वेणीकडे बघत राहिले.
ती हिसका द्यायची, ताणायची, सैल पडायची,
पुन्हा ताणायची.
दिवा दोनदा भरला आम्ही.
मग ती नुसती लोंबली.

भालेकरी तिसऱ्या दिवशी उतरून गेले.
त्यांनीच सांगितलं खाली गावोगाव,
तो एक पाऊलसुद्धा हलला नाही,
मेल्यावरही पडला नाही, दाराला टेकून उभा होता,
असले हजार असतील आत.
आत आम्ही एकशे बारा होतो,
त्यात लढण्याजोगे चाळीस.
तेव्हापासून इकडे कुणी आलं नाही.
म्हणजे गाणं कामाचं आहे.
गा तू. त्यात खोटं काही नाही.

आता पोरं लढाईआधी
मुद्दाम दाढी पाठीवर टाकतात, शकुन म्हणून.
मी दार लावताना फटीतून हात फिरवते.
हसतात मला.

तू आल्यापासून माझ्या हनुवटीकडे बघतोयस.
पोरगी समजलास ना, मघाशी? की दासी?
आमच्या बायकांनाही दाढी असते, गुडघ्यापर्यंत.
माझी मी त्याच रात्री कापली,
त्याच कात्रीने,
जी वेळेवर चालली नाही.

नाव?
शिळेवर बघ, हुर्गनच्या खाली, डाव्या कोपऱ्यात.
खरवडलंय, पण घाईत.
बोट फिरवलंस तर लागेल.